बाटली आडवी झाली, रुग्णाचं काय?

नंदुरबार जिल्ह्यातल्या दारूवर वाद सुरू झाला की दोन बाजू ठरलेल्या असतात. एक म्हणते, मोहाची दारू आदिवासींच्या देवाधर्मात, लग्नकार्यात, मयतीत आहे. शहरातल्या शहाण्यांनी त्यात नाक खुपसू नये. दुसरी म्हणते, भट्ट्या फोडा, गूळ-नवसागर पकडा, जिल्हा कोरडा करा, की प्रश्न मिटला. या दोघी एकमेकींवर इतक्या तुटून पडतात की एका बाबतीत त्यांचं पूर्ण एकमत आहे, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. सकाळी उठल्यावर घोटभर पोटात गेल्याशिवाय ज्याच्या हाताची थरथर थांबत नाही तो माणूस रुग्ण आहे, असं दोघींनाही वाटत नाही. पहिलीच्या लेखी तो परंपरेचा वारसदार, दुसरीच्या लेखी गुन्हेगार, फार तर गुन्हेगाराचं गिऱ्हाईक. आणि कुणी मानसिक आरोग्याच्या संशोधनाचा, व्यसनावरच्या उपचारांचा विषय काढलाच, तर दोन्हीकडून एकच उत्तर येतं: पोटाला नाही तिथे समुपदेशन कसलं करता? हे शहरी चोचले सातपुड्यात चालायचे नाहीत. हे उत्तर ऐकायला करारी वाटतं, पण उपलब्ध पुरावा त्याच्या उलट बोलतो.

तो पुरावा फार दूरचा नाही, गोव्यातला आहे. डॉ. अभिजित नाडकर्णी हे मनोविकारतज्ज्ञ. गोव्यात १९९६ साली सुरू झालेल्या ‘संगत’ या संस्थेत आणि लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्यांचं काम चालतं. डॉ. विक्रम पटेल आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. ताप, खोकला, पोटदुखी घेऊन आलेल्या पुरुषांना पिण्याविषयी जागतिक आरोग्य संघटनेचे १० प्रश्न विचारायचे. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण, एकूण ४०. ज्यांचे गुण १२ ते १९ आले, म्हणजे पिणं अपायाच्या पातळीवर पोचलंय पण शरीर अजून पुरतं दारूच्या ताब्यात गेलेलं नाही, असे ३७७ जण निवडले. निम्म्यांच्या बाबतीत डॉक्टरांना त्या १० प्रश्नांचा निकाल आणि मार्गदर्शक सूचना दिल्या. उरलेल्यांना त्याशिवाय समुपदेशनाच्या एक ते चार बैठका मिळाल्या. समुपदेशक कोण, तर मानसशास्त्राची कसलीही पदवी नसलेली, शाळा पूर्ण केलेली, स्थानिक भाषा बोलणारी माणसं. त्यांना रीतसर शिकवलं होतं आणि त्यांच्या बैठकांची ध्वनिमुद्रणं दर आठवड्याला गटात ऐकून तपासली जात होती.

बैठकीत उपदेश नव्हता. तुमचे गुण इतके आले, त्याचा अर्थ असा, हे समोर ठेवायचं. पिण्यातून काय मिळतं आणि काय जातं हे त्या माणसाच्याच तोंडून काढायचं. हप्त्याच्या दिवशी सोबती ओढून नेतात तेव्हा नाही कसं म्हणायचं, तलफ आली की ती ओसरेपर्यंतचा वेळ कसा काढायचा, याची तयारी करून घ्यायची. घरचं कुणी सोबतीला घ्यायचं. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के लोकांचे गुण ८ च्या खाली आले होते, नुसत्या डॉक्टरी सल्ल्याच्या गटात २६ टक्के. मागच्या १४ दिवसांत थेंबही न घेतलेले ४२ विरुद्ध १८ टक्के. वर्षानंतर गुणांतली दरी बुजली नाही, वाढली: ८ च्या खाली ५४ टक्के आणि ३२ टक्के. व्यसनाच्या क्षेत्रात परिणाम बहुधा काही महिन्यांत विरतो, म्हणून या वर्षभरानंतरच्या आकड्याला जास्त मोल आहे.

या चाचणीने काय सिद्ध झालं नाही, तेही इथेच सांगायला हवं, नाहीतर उद्या विरोधक तेच काढून तोंडावर मारतील. जे पीतच राहिले त्यांच्या पिण्याचं प्रमाण कमी झालं असं दिसलं नाही. कामावर न गेलेल्या दिवसांत फरक नव्हता. आणि बायकोला मारहाण करण्यात फरक पडला नाही. ही शेवटची गोष्ट गिळायला अवघड आहे, कारण गावोगावच्या बायका दारूविरुद्ध उठतात त्या मुळात मार खाऊन आणि चूल विझलेली बघून. नवऱ्याचे गुण १६ वरून ७ वर आले याचं त्यांना काय कौतुक? पण यातून ‘समुपदेशन कुचकामी’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे मलेरियाच्या गोळीने हाड जुळलं नाही म्हणून गोळी फेकून देण्यासारखं आहे. मारहाणीला दारू कारणीभूत असते, पण दारूइतकीच नवरेपणाची मस्तीही असते, आणि तिच्यावर वेगळे इलाज लागतात. चाचणीने दिलं ते एवढंच: ज्या माणसाला आज कुणीच काही विचारत नाही, त्याला आरोग्य केंद्रात, त्याच्या भाषेत, साध्या शिकलेल्या माणसाने चार वेळा नीट विचारलं, तर वर्षभराने त्याची दारू आटोक्यात असण्याची शक्यता पुष्कळ वाढते. एम्सने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर शारीरिकदृष्ट्या अवलंबून असलेल्या ३८ जणांतल्या एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचं दिसलं. हा देशाचा हिशेब, ज्यात पुण्या-मुंबईची व्यसनमुक्ती केंद्रं धरलेली आहेत. सातपुड्यातल्या धडगावचा हिशेब काय असेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

आता संस्कृतीचा मुद्दा. तो पोकळ नाही. याहामोगीच्या, देवमोगरा मातेच्या यात्रेत मोहाची दारू वाहतात. काठीच्या राजवाडी होळीपासून मयताच्या विधीपर्यंत पहिले थेंब जमिनीला, पूर्वजांना जातात आणि मग माणसांना. हे पिणं वर्षाच्या दिवसांना, विधीला, माणसांच्या घोळक्याला बांधलेलं आहे आणि त्यावर कुणी बाहेरून शिक्का मारण्याचं कारण नाही. पण ही परंपरा पुढे करणारे तिची फक्त अर्धी बाजू सांगतात. त्याच परंपरेच्या पोटातून दारूविरुद्धचा आवाजही पुन्हापुन्हा उठला आहे, आणि तो उठवायला कुणी शहरी समाजसेवक आले नव्हते. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर आणि १८९२ च्या मोहफुलांवरच्या कायद्यानंतर घरचं गाळप गुन्हा ठरलं आणि दारू ठेकेदाराच्या गुत्त्यातून विकत घ्यायची वस्तू झाली. कर्ज, जमीन आणि गुत्ता एकाच माणसाच्या हाती आले. १९२२-२३ मध्ये शेजारच्या दक्षिण गुजरातेत ‘देवी’ अंगात येऊन सांगू लागली की दारू-ताडी सोडा, गुत्तेवाल्याकडे जाऊ नका. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी त्या चळवळीवर पुस्तक लिहिलं आहे. त्यातला मुख्य धागा असा की दारू सोडणं हा तिथल्या आदिवासींनी सावकारी सत्तेविरुद्ध उगारलेला हात होता. पुढे १९३७-३८ च्या सुमारास तळोदा तालुक्यात मोरवडला गुलाम महाराजांभोवती हजारो लोक जमू लागले. एकमेकांना ‘आप’ म्हणायचं, आरती करायची, दारू टाकायची. १९३८ मध्ये गुलाम महाराज गेले, पण आप पंथ टिकला.

आणि मग शहादा. १९७१-७२ पासून आदिवासी नेते अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांच्याभोवती सालदारांचा, बळकावलेल्या जमिनींचा लढा उभा राहिला. त्या लढ्यातल्या आदिवासी बायकांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली, मारकुट्या नवऱ्यांना जाब विचारला. इथे दारूवरच्या उपचारांविरुद्धचं आणखी एक मत निकालात निघतं. ते डावीकडून येतं आणि सगळ्यात प्रामाणिक असतं: जमीन द्या, मजुरी द्या, स्थलांतर थांबवा, दारू आपोआप सुटेल, मूळ दुखणं सोडून मनाचे इलाज कशाला? शहाद्याच्या बायका जमिनीचा निकाल लागेपर्यंत थांबल्या नाहीत. त्यांना दोन्ही एकाच वेळी हवं होतं, कारण मजुरी वाढली तर वाढलेले पैसेही गुत्त्यातच जातात, हे त्यांनी पुस्तकात वाचलं नव्हतं, घरात पाहिलं होतं. विस्थापन, कर्ज, उसाचा हंगाम यांनी माणूस खचतो आणि खचलेला माणूस पितो, हे मान्य. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं सापडली आणि ती अक्कलकुवा-अक्राणीची होती; त्या लोकांच्या मनावर काय गेलं असेल, याचं मोजमाप करायला कुणाला फारशी सवड झालेली दिसत नाही. पण दारू एकदा शरीरात मुरली की तिला सुरुवातीच्या कारणाची गरज उरत नाही. पुनर्वसनाची जमीन उद्या मिळाली तरी हात थरथरायचे ते थरथरणारच.

परंपरेचं आणखी एक. आज जे प्यायलं जातं ते सगळं परंपरेतलं असतं तर गोष्ट वेगळी होती. मोहफुलं वर्षाच्या ठरावीक काळातच पडतात; ती वेचायची, वाळवायची, भिजत घालायची, मग गाळायची. आजच्या भट्टीत घालतात तो गूळ आणि नवसागर बाराही महिने दुकानात मिळतात. शिवाय देशीच्या बाटल्या आहेतच. जी दारू सणाच्या हिशेबाने पिकत होती ती रोजच्या हिशेबाने पिकू लागली, तेव्हा परंपरेने घातलेलं कुंपणही गेलं. तरीही प्रत्येक घोटाला परंपरेचं नाव देऊन गप्प बसणं, याला मी आदर मानत नाही. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आदिवासी आरोग्य समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला. त्यात १५ ते ५४ वयोगटातल्या आदिवासी पुरुषांत दारू घेणारे निम्म्याहून जास्त असल्याचं नोंदवलं आहे, बिगरआदिवासींत सुमारे ३० टक्के. या आकड्याचा वापर ‘ही जमातच तसली’ असं म्हणायला होईल, ही भीती खरी आहे. पण आकडा सांगतो तो घेणाऱ्यांचा. त्यांतले आजारी किती हे तो सांगत नाही, आणि ते कळायचं तर आरोग्य केंद्रात ते १० प्रश्न विचारण्यावाचून मार्ग नाही. मोजलं नाही तर सगळे घेणारे एकाच रंगात रंगवले जातात. मोजलं तर सणाला घेणारा आणि सकाळी घेणारा वेगळे दिसतात. ज्यांना बदनामी टाळायची असेल त्यांनी तर संशोधनाचा आग्रह धरायला हवा.

बंदीवाल्यांशी मात्र मला वेगळ्या सुरात बोलायचं आहे, कारण त्यांच्याकडेही पुरावा आहे. ‘बंदीने काही होत नाही’ हे शहरातलं लाडकं वाक्य चुकीचं आहे. बिहारमध्ये २०१६ मध्ये बंदी आली. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आग्नेय आशिया आवृत्तीत आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा की त्यामुळे रोज किंवा दर आठवड्याला पिणारे सुमारे २४ लाख आणि पतीकडून होणाऱ्या हिंसेच्या सुमारे २१ लाख घटना टळल्या. म्हणजे समुपदेशनाला जे जमलं नाही ते पुरवठा कमी झाल्याने काही अंशी जमलं. बायका ‘आडवी बाटली’, म्हणजे मतदानाने दारूबंदी, मागतात त्यात भाबडेपणा नाही, अनुभव आहे. पण बंदी ज्याच्या भरवशावर टिकते ते सगळं नंदुरबारमध्ये उलटं आहे. नवापूरचं रेल्वे स्टेशन बघा. सुरत-भुसावळ मार्गावरच्या या स्टेशनातूनच राज्याची सीमा जाते. फलाटाचं एक टोक महाराष्ट्रात, दुसरं गुजरातेत. एका टोकाला परवान्याने दारू विकत मिळते, चार पावलं चालून गेलं की ती जवळ बाळगणं गुन्हा. अशा सीमेवर कोरडा जिल्हा राखायचा म्हणजे पोलिसांच्या हातात आणखी एक हप्ता देणं. आणि गुजरातेतली बंदी तरी केवढी पक्की? १९६० पासूनच्या त्या कोरड्या राज्यात जुलै २०२२ मध्ये बोटादकडे विषारी दारूने ४० हून अधिक माणसं मेली. महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभवही एकसारखा नाही: गडचिरोलीत १९९३ ची बंदी लोकांनी धरून ठेवली, चंद्रपूरची २०१५ ची बंदी सरकारने २०२१ मध्ये उठवली.

भट्टी फोडताना ती कुणाची, हेही विचारलं पाहिजे. नंदुरबारचे माजी जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी ‘मी एक स्वप्न पाहिलं’ या आत्मकथनात आणि जाहीर भाषणांत सांगितलं आहे की वडील त्यांच्या जन्माआधीच गेले आणि आईने मोहाची दारू विकून मुलं वाढवली. भिल्ल समाजातला, साक्री तालुक्यातल्या सामोड्याचा हा मुलगा डॉक्टर झाला, मग शेजारच्याच जिल्ह्याचा कलेक्टर. उत्पादन शुल्कवाल्यांची धाड ठेकेदाराच्या गोदामावर क्वचित आणि अशा विधवेच्या मडक्यावर हटकून पडते. दारूबंदीच्या हिशेबात तिची नोंद ‘आरोपी’ म्हणून होते.

सगळ्यात गंभीर गोष्ट बंदीवाले बोलतच नाहीत, ती शरीराची. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एका रात्रीत तुटली की काय होतं? शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात कापायला लागतात, घाम फुटतो, मळमळतं, झोप उडते. काहींना पहिल्या-दुसऱ्या दिवशी फिट येते. दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो: अंगावर, भिंतीवर किडे चालताना दिसतात, नसलेली माणसं हाका मारतात, दिवस-रात्र कळेनाशी होते. उपचार न मिळाल्यास यात माणूस दगावू शकतो. घरचे म्हणतात, बाहेरचं काही लागलं, आणि भगताकडे नेतात. त्यांना का दोष द्यायचा? जवळच्या केंद्रात कुणी त्यांना कधी सांगितलं आहे की हे दारू सुटल्याचं आजारपण आहे, की डायझेपामच्या जातीच्या स्वस्त गोळ्या आणि थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, यांनी ते बहुतेक वेळा आवरतं? २०२० च्या टाळेबंदीत देशभर दुकानं एका रात्रीत बंद झाली तेव्हा केरळातून दारू न मिळाल्याने झालेल्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या होत्या. उपचाराची सोय न करता केलेली बंदी सगळ्यात आजारी माणसाला सगळ्यात मोठी शिक्षा देते. हे गडचिरोलीने ओळखलं: २०१६ पासून ‘सर्च’ ही संस्था, सरकार आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून चालवलेल्या ‘मुक्तिपथ’मध्ये गावाने दारू अडवायची आणि तालुक्याच्या ठिकाणी व्यसनींना दवाखानाही द्यायचा, अशी जोड आहे. बंदीचा दाखला म्हणून गडचिरोली सांगणाऱ्यांनी त्यातला हा अर्धा भागही सांगावा.

राहिला आक्षेप जागेचा: गोवा म्हणजे सातपुडा नव्हे. नव्हेच. गोव्यातली चाचणी फक्त पुरुषांची होती. सातपुड्यात बायकाही घेतात, त्यांच्याबद्दल ती काही सांगत नाही. ज्यांचे गुण २० किंवा त्याहून वर, ज्यांना वर सांगितलेला त्रास होणार, तेही तिच्यात नव्हते. त्यांना औषधं आणि डॉक्टर लागणारच. ते १० प्रश्नसुद्धा इथे जसेच्या तसे चालणार नाहीत. दुसराच प्रश्न विचारतो, पिता त्या दिवशी किती पेले घेता. तिथे पेला म्हणजे सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. घरची मोहाची दारू पहिल्या धारेची किती कडक, शेवटच्या धारेची किती, ती वाटीने घेतली की बाटलीने, एका वाटीत किती ग्रॅम, हे प्रयोगशाळेत तपासून आणि गावात बसून ठरवावं लागेल. पावरी, भिली, मावची बोलणाऱ्यांशी मराठी छापील कागद वाचून बोलता येणार नाही. शिवाय दिवाळीच्या मागेपुढे कोयते उचलून निम्मी गावं बारडोली-सुरतकडे ऊसतोडीला जातात, मधे होळीला येतात आणि पुन्हा जातात; पाठपुरावा कुणाचा करणार? या सगळ्या अडचणी खऱ्या. पण त्या संशोधन इथे करण्याची कारणं आहेत, टाळण्याची नव्हेत. आणि चारच बैठकांचा उपचार हा हंगामी मजुराला जमण्यासारखा आहे. महिना-महिना मुक्काम करायला लावणारा उपचार त्याला कधीच जमणार नाही. पुण्याचं ‘मुक्तांगण’ १९८६ पासून मोठं काम करतं आहे, पण तोरणमाळच्या मजुराने तिथवर पोचावं आणि राहावं, ही अपेक्षा त्याच्या रोजंदारीचा विचार न करता केलेली आहे.

‘कमी शिकलेली माणसं मनाचे इलाज काय करणार’ हेही आपण आधी ऐकलेलं आहे. १९५९ मध्ये मद्रासच्या अभ्यासाने दाखवलं की क्षयरोग्याला आरोग्यधामाच्या खाटेवर न ठेवता घरी औषधं दिली तरी तो तेवढाच बरा होतो. तोपर्यंत गरिबाच्या घरी क्षयाचा इलाज म्हणजे वेडेपणा मानला जात होता. गडचिरोलीत बंग दांपत्याने गावातल्या आरोग्यदूत बायांना नवजात बाळांची काळजी आणि जंतुसंसर्गात इंजेक्शन द्यायला शिकवलं, तेव्हा हेच ऐकवलं गेलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आकडे आले: नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आज देशभरातल्या ‘आशा’ घरोघरी बाळं तपासतात ते त्याच्याच आधाराने. सातपुड्यात माणसं पोचत नाहीत असंही नाही. कोविडच्या काळात नर्मदेच्या फुगवट्यातून स्वतः नाव वल्हवत पाड्यांवरच्या मुलांना आहार पोचवणारी अंगणवाडी सेविका याच जिल्ह्यातली होती. नदीकाठच्या गावांसाठी तरंगता दवाखानाही इथे चालला आहे. तेव्हा प्रश्न पोचण्याचा नाही, पोचणाऱ्यावर आणखी किती लादायचं याचा आहे. इथे मी आशाताईंच्या बाजूने आहे. त्यांच्या रजिस्टरांच्या गठ्ठ्यात दारूचं आणखी एक रजिस्टर घालून कार्यक्रम ‘राबवला’ म्हणायचं असेल तर तो न केलेला बरा. समुपदेशक वेगळा आणि पगारी असला पाहिजे, आणि त्याच्या बैठका ऐकून सुधारणारं कुणीतरी असलं पाहिजे. गोव्यातला परिणाम त्या साप्ताहिक तपासणीशिवाय आला असता असं समजण्याला आधार नाही.

पैसा कुठून, याचं उत्तर महाराष्ट्रात तरी लाजिरवाणं सोपं आहे. आपल्याकडे अजून १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि त्याच कायद्याखाली दारूचे परवाने वाटले जातात. कागदोपत्री पिणाऱ्यालाही परवाना लागतो. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं आणि धान्यापासूनच्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ला वाट करून दिली, तेव्हा वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपयांची जादा कमाई अपेक्षित असल्याचं सांगितलं गेलं. यातला किती वाटा दारूने आजारी झालेल्यांवर जातो, हा प्रश्न विधिमंडळात दरवर्षी विचारण्यासारखा आहे. बंदीवाल्यांना राज्यघटनेचं ४७ वं कलम तोंडपाठ असतं. त्याच कलमात पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे सरकारच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक म्हटलं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर दारू-अमली पदार्थांशी जोडलेले विकार मानसिक आजारांत धरले आहेत, आणि १८ व्या कलमाने सरकारी सेवेतून उपचार मिळणं हा हक्क ठरवला आहे. तेव्हा धडगावच्या माणसाला समुपदेशक मिळणं ही दया नाही, त्याचा कायदेशीर दावा आहे.

आजार म्हटलं की माणूस जबाबदारीतून सुटतो, अशी एक तक्रार उरते. मधुमेहाच्या रोग्याला आपण आजारी म्हणतो आणि तरीही साखर कमी करायला सांगतो. त्याच्यावर जबाबदारी टाकायला त्याला गुन्हेगार ठरवावं लागत नाही. गोव्यातल्या त्या बैठकांत तर सगळा भार माणसाच्या स्वतःच्या निर्णयावरच असतो. बायकोला मारल्याबद्दल कायदा आहे, तो लागलाच पाहिजे. आजाराचं प्रमाणपत्र हा त्यातून सुटायचा परवाना नाही.

पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा नियमन करण्याचा अधिकार दिला आहे, आणि नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे तालुके पूर्णपणे त्या क्षेत्रात येतात. सणाची दारू ठेवायची, गूळ-नवसागराची बंद करायची, विकणाऱ्या विधवेला दुसरा धंदा आधी द्यायचा, हे गावाने गावात ठरवावं. मुंबईच्या फर्मानापेक्षा ते शहाणपणाचं होईल. पण ग्रामसभा डॉक्टर नेमू शकत नाही आणि थायमिनच्या गोळ्या मागवू शकत नाही. ते काम जिल्ह्याचं आणि राज्याचं आहे. सरकारच्या स्वतःच्याच कागदावर आयुष्मान आरोग्य मंदिरातून द्यायच्या सेवांच्या यादीत मानसिक आरोग्य आहे, नंदुरबार २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे आणि आता तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. त्या महाविद्यालयाच्या मनोविकार विभागाने अक्राणी आणि अक्कलकुव्यातली काही प्राथमिक आरोग्य केंद्रं निवडून, पावरी-भिली बोलणारे समुपदेशक नेमून, पुरुष आणि बायका दोघांनाही घेऊन, एका उसाच्या हंगामापासून पुढच्या हंगामापर्यंत ही चाचणी करावी. ती फसली तर ते आकडे छापावेत. समुपदेशन सातपुड्यात चालत नाही असं म्हणण्याचा अधिकार त्यानंतर कुणालाही घेता येईल, त्याआधी नाही.